मावशीचा छोटा गिलास

माझी मावशी तहानलेली गेली. तिचं पाणी मोजून मीच द्यायचे.

आज वर्ष झालं. मी असं काही लिहीत नाही. एकदाच लिहिते.

मावशी कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. राहायची आमच्याच घरी. पोषण आहार, वजनं, लसी हे सगळं होतंच. पण गावाला ती आठवते डब्यांसाठी.

दर पावसाळ्यात ती मुलांना सांगायची, घरातलं टाकाऊ भांडं आणा, त्यात झाड लावू.

चार-पाच वर्षांची मुलं. काय वाट्टेल ते आणायची. तेलाचा पिपा, फुटका मग, ढाब्यामागे पडलेलं अर्धं हेल्मेट. एकाने घरातला संडासचा डबा आणला. मागोमाग त्याची आजी आली.

"बाई, डबा द्या जी आमचा. बुढा कवापासून थांबून राहिला!"

मावशी प्रत्येक भांडं हातात घेऊन विचारायची, "यात आधी काय होतं?" फवारणीच्या औषधाचा कॅन निघाला की तो बाजूला, मुलाचे हात साबणाने दोनदा धुवून मगच पुढचं बोलणं.

मग भांडं उलटं करायची.

"पाणी कुठून जाईल?"

"छेद पाडा!" सगळा वर्ग एका सुरात.

ती खिळा तापवून छेद पाडायची. वांग्याचं रोप घेऊन कोणी वाटीकडे वळलं की म्हणायची, "त्याले एवढ्यात कोंबू नको बापा. त्याचे पाय लांब होतात."

मी डीएमएलटी केलं आणि गोंदियात एका लॅबमध्ये लागले.

मावशीचे पाय सुजायला लागले तेव्हा रक्त मीच घेतलं. किडनीसाठीचं क्रिएटिनिनही मीच लावलं. आकडा बघून वाटलं मशीन बिघडलं. आकडा आधीच माहीत असलेला कंट्रोल लावला. सॅम्पल परत लावलं.

मशीन ठीक होतं.

किडनी द्यायला माझा ब्लड ग्रुप जुळत नव्हता. आईला शुगर. द्यायला तिसरं कोणी नव्हतं.

मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा गोंदियाची बस. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसाला अर्धा लिटर. चहा आणि वरणसुद्धा त्यातच.

एप्रिल होता. आमच्याकडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

मी घरातले सगळे गिलास मेजरिंग सिलिंडरने मोजले. सगळ्यात छोटा होता तो काढून ठेवला.

मावशी हसली. "मले नको सांगू. माझ्या पोट्ट्यायले विचारू. भांडं निवडाले मीच शिकवलं त्यायले."

डायलिसिस नसेल त्या दिवशी ती अंगणवाडीत जायची. तिथे तिने मुलांना तिच्यासाठी भांडं आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घ्यायला गेले तेव्हा मुलं भांडी घेऊन उभी होती. बाईसाठी पाण्याचं भांडं.

बादल्या. कळश्या. एक भलामोठा गंज. छकुली आणि तिचा भाऊ घरचा पाण्याचा पितळी गुंड दोन्हीकडून धरून घेऊन आले होते, भरलेला. अर्धं पाणी दोघांच्या अंगावर.

"एवढं मोठं काऊन आणलं वं?"

"तुमाले तहान लागते नं, बाई."

मावशीने पदराने दोघांचं अंग पुसलं. मग तिने पिशवीतून छोटा गिलास काढला.

"मले एवढंच चालते. माझ्या अंगातून पाणी बाहेर जात नाही आता."

छकुलीने तिच्याकडे खालून वर पाहिलं. भांडं तपासतात तसं.

"मंग छेद पाडा नं!"

लगेच सगळा वर्ग. "छेद पाडा! छेद पाडा!"

मावशीने बाही वर केली. "पाडला न डॉक्टरनं. हा पाहा."

डायलिसिसच्या सुया लावायला हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की आत गुरगुर लागते. मुलांनी रांग लावून बोटं ठेवली.

"बाईच्या हातात मांजर हाये!"

मी दारात उभी होते. फ्लो, प्रेशर, किती पाणी काढायचं, मला सगळं माहीत होतं. छकुलीच्या बोलण्यात मला काही चूक सापडली नाही.

त्यानंतर मावशी त्या छोट्या गिलासानेच प्यायली. दुपारी विचारायची, "माझं उरलं का वं?" मी म्हणायचे, "संध्याकाळचं आहे फक्त." ती लिंबाची फोड तोंडात धरून पडून राहायची. परत विचारायची नाही.

नंतर हृदय थकलं. मशीनवर घेतलं की बीपी पडायचं. सेशन अर्धवट थांबवायचे. पाणी अंगातच राहायचं.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर बोलावलं. त्यांचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "पाणी किती द्यायचं?"

"मागतील तेवढं द्या."

मी आकडा विचारला होता. त्यांनी आकडा दिला नाही.

मला कळलं.

वॉर्डात एक मोठा गिलास होता. तो भरला आणि मावशीला उठवून बसवलं.

तिने गिलासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हा माझा नाही वं."

"आज हाच आहे, मावशी."

ती गिलासाकडे बघत राहिली. भांडं पाहून तिला सगळं कळायचं. तेव्हाही कळलं.

दोन घोट घेतले. गिलास परत माझ्या हातात दिला.

"बाकीचं झाडाले टाक."

वॉर्डात झाड नव्हतं. तो गिलास तसाच हातात धरून मी बसून राहिले. ती गेली तेव्हाही तो माझ्या हातातच होता.

यंदा अंगणवाडीत कोणी भांडी मागवली नाहीत. छकुली आता पहिलीत आहे. परवा बसस्टॉपवर भेटली.

"ताई, बाईचा छेद बुजला होता का?"



मावशी, तुला शेवटचा जय भीम.