त्या टोकाकडून लाग

महागावच्या स्टँडवरून आमची नांदेडची गाडी चुकली, ती मायमुळे. ट्रंक, दोन गाठोडी, कडेवर लेकीला घेतलेली माझी बायको सुनंदा, सगळे वेळेत हजर. माय तेवढी नाही. चिडून वावरात गेलो तर ती शेजारच्या कांताबाईसोबत कापूस वेचत होती. घर सोडून हैदराबादला निघायच्या दिवशीसुद्धा. मी बोललो तर मान वर न करता म्हणाली, "कांताची पात अर्धी राह्यली. तिले एकटीले कशी सोडू?"

ज्यांनी कधी वेचणी केली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बाया वावरात एकेक ओळ धरतात, तिला पात म्हणायचं. जिची पात आधी सरते ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत नाही. मागे पडलेल्या बाईच्या ओळीत समोरच्या टोकाकडून शिरते, आणि दोघी मध्ये कुठंतरी भेटल्या की मग सगळ्या मिळून पाणी पितात. मला तेव्हा हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. आपली गाडी चुकतेय आणि ही दुसरीच्या ओळीत.

कापसाचा भाव पडलेला, उरलंसुरलं बोंडअळीनं खाल्लेलं, असं ते साल. लोहाऱ्याच्या ज्या कारखान्यात मी मोटारींचं वाइंडिंग करायचो, तो बंद पडला होता. बाबा गेल्यावर वावर दादा पाहत होता आणि मला हैदराबादला एका दुकानात काम मिळालं होतं. मायला यायचं नव्हतं. मीच हट्ट धरला. तिथं तुला काडी उचलावी लागणार नाही, म्हणालो.

काडी नाही, पण पिशवी उचलायची हौस तिला लवकरच लागली. दर रविवारी संध्याकाळी बाजार. तिथल्या बांगडीवाल्या रझिया आपाशी तिचं रोजचं असल्यासारखं भांडण चालायचं. आपाची दखनी, मायची वऱ्हाडी हिंदी, दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं आणि तेवढं पुरायचं. पण घरी आल्यावर माय म्हणायची, "तुमच्या हैदराबादले चिचेचा भलता शौक." तुमचं हैदराबाद. 'आपलं' तिच्या तोंडून कधी आलं नाही. माझ्याही नाही.

आता ती गोष्ट, जी तुम्हा गावच्या लोकांना ठाऊक आहे आणि ठाऊक नाही.

त्या रविवारी बाजारात बॉम्ब फुटला. मायचा हात माझ्या डाव्या हातात होता, भाजीची पिशवी उजव्यात. आवाज झाला, वरून काचा पडल्या, अंधारून आलं, आणि मी पळालो. लोकांसोबत पळालो, लोकांना ढकलून पळालो. बसडेपोच्या भिंतीपाशी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा खाली पाहिलं. पिशवी हातात होती. वांगी, कोथिंबीर, सगळं जागच्या जागी. मायचा हात मी सोडला होता.

हे वाक्य इतकी वर्षं मला लिहिता आलं नाही.

दुसरा फुटणार आहे, अशी ओरड चालू होती. डेपोपाशी उभं राहणं सोपं होतं. पिशवी तिथंच टाकली आणि उलटा निघालो. सगळं शहर माझ्या अंगावर पळत येत होतं. एक म्हातारा 'नक्को बेटा, उधर नक्को जाओ,' म्हणत माझी बाही धरून राहिला, ती सोडवून घ्यावी लागली. मनात एकच होतं, ती जिथं पडली असेल तिथं मला पोचायचं आहे.

ती पडली नव्हती. वेचणीला खोचते तसा पदर कमरेला खोचून ती बांगडीच्या गाडीपासून एकेका माणसापाशी वाकत पुढं सरकत होती. ओळीनं. कपड्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या नव्या ओढण्या तिनं ओढून घेतल्या होत्या. ज्याचं रक्त वाहतंय त्याला घट्ट आवळून बांधत होती. जो उठू शकतो त्याला दंडाला धरून उठवत होती, 'चल बाप्पा, चल,' म्हणत. हाताला चिंधी बांधलेली रझिया आपा तिच्या मागून ओढण्या पुरवत होती. मी जवळ गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"आला? त्या टोकाकडून लाग."

मी त्या टोकाला गेलो आणि लागलो. वाइंडिंग करणाऱ्या हातांना गाठ मारता येत होती. मायची आणि माझी भेट मध्ये चाटवाल्या यादगिरीपाशी झाली. त्याचा पाय चिरडला होता. बांगडीच्या गाडीची फळी काढून दोघांनी त्याला रिक्षापर्यंत नेलं. तो जगला. काठी टेकत आजही गाडी लावतो, आणि मायला तिखट कमी लागतं हे त्याला सांगावं लागत नाही.

रात्री दादाचा फोन आला तो सुनंदानं घेतला. 'हे गेले आणि माईंना घेऊन आले,' एवढंच ती म्हणाली. महागावला पोचेपर्यंत त्याचं झालं, की लेकानं आईला पाठीवर घेऊन आगीतून आणलं. तुम्ही शाळेच्या मैदानावर मांडव टाकलात. शाल दिलीत, नारळ दिला, भाषणं केलीत. माय पुढच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होती. मी शाल पांघरून हात जोडले. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "शाल गरम हाय. मले दे."

नंतर मी गावी येणं टाळत गेलो. कामाचं कारण सांगायचो. खरं कारण ती शाल होती.

यंदा मायनंच ओढून नेलं. उलंगवाडीआधी, कापसाचा हंगाम सरायच्या आत, एकदा हात लावायचा आहे म्हणाली, शेवटची वेचणी तरी. मीही ओळ धरली आणि अर्थातच मागे पडलो. आणि तिथंच, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली असताना, सगळ्या बायांच्या देखत सांगून टाकलं. हात सोडला होता. पळालो होतो. पाठीवर कोणी कोणाला घेतलं नव्हतं.

कांताबाईनं बोंडातला कापूस उपसला आणि म्हणाली, "मले पह्यलेच पटलं नोतं. हे बुढी कोनाच्या पाठीवर बसन काय?"

बाया इतक्या हसल्या की धुऱ्यावरचे बगळे उडाले. मी मायकडे पाहिलं. ती वेचतच होती.

"पळते त सारेच," ती म्हणाली. "वापस कोन येते, थे पाह्यचं."

मग तिची पात सरली. बाकीच्याही सरल्या. मी अजून मध्यातही नव्हतो. मान वर केली तर समोरच्या टोकाकडून माय आणि कांताबाई माझ्या ओळीत शिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी निघताना कांताबाईनं विचारलं, आता कुठं चालल्या? "घरी," माय म्हणाली, "आपल्या हैदराबादले." आजवर ती गावी येण्यालाच घरी जायचं म्हणे.

रविवारी बाजारात रझिया आपानं तिच्या पदरावर चिकटलेला कापसाचा पुंजका चिमटीत धरला. "क्या अम्मा, घर से आए?"

"हौ," माय म्हणाली आणि बांगड्या पाहायला वाकली. "घर से घर कू आए."

मी तिचा हात धरून उभा होतो.