परत आलेल्यांची मूठ

मनकर्णा मुखरू कुनघाडकर, माहेरचे नाव धुरपता डोमाजी भांडेकर. जन्म १९५२, तारीख कोठेही नोंदलेली नाही. मृत्यू ९ नोव्हेंबर २०२३, सकाळी सव्वासात वाजता, राहत्या घरी. गाव गोंडपिपरीपासून नऊ किलोमीटरवर; तीन बाजूंना धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला जंगल. त्या माझ्या वहिनी. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नात्याने थोरल्या. मी लग्न केले नाही. त्यामुळे घर म्हटले की मला त्यांचेच स्वयंपाकघर आठवते.

चुलीच्या उजव्या हाताला कोनाड्यात एक काळे मडके असे. संध्याकाळी भाताचे तांदूळ धुण्यापूर्वी वहिनी दारापर्यंत येत, बाहेर गेलेल्यांपैकी कोण कोण परतले ते पाहत आणि आलेल्या प्रत्येकाची एक मूठ तांदूळ मडक्यात टाकत. टाकताना त्याचे नाव घेऊन एवढेच म्हणत, "आला, देवा." जो अजून आलेला नसे, त्याची मूठ पडत नसे. नव्याच्या दिवशी, म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात घरात शिजे त्या दिवशी, त्या वर्षभराचे मडके रिते करून मोठ्या गंजात भात रांधत आणि गल्लीतून जाईल त्याला हाक मारून जेवू घालत.

ही रीत त्यांच्या माहेरची. वडील डोमाजी जंगलात बांबू तोडायला जात. वहिनी नऊ वर्षांच्या असताना एका संध्याकाळी ते परतले नाहीत, वाघाने नेले. त्या दिवशी आईने त्यांच्या वाटचे तांदूळ आधीच धुऊन ठेवले होते. ती गोष्ट आईच्या मनाला कायमची लागली. माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय त्याला जमेस धरायचे नाही, आणि आला की देवाला सांगितल्याशिवाय राहायचे नाही, असे तिने पुढे ठरवले. लेकीने तेच सासरी आणले.

मला प्रत्येक गोष्ट पद्धतशीर लागते. मास्तरकीतून निवृत्त होऊन घरी राहू लागल्यावर मी त्यांना सुचवले की बाहेर जाणारी माणसे ठरलेली आहेत, तर महिन्याचे तांदूळ पहिल्या तारखेलाच मोजून टाकावेत. रोजची खटपट वाचेल.

"महिन्याचे आजच कसे टाकू, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "महिना आला काय घरी?"

"पण देवाकडे आधी मागितले तर बिघडते कुठे?"

"मागाले देऊळ हाये ना. इथी जे आलं तेवढंच सांगाचं."

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पित्ताशयाच्या खड्यांसाठी चंद्रपूरला दवाखान्यात न्यावे लागले. सोबतीला माझे थोरले भाऊ, मुखरूभाऊ, गेले. निघताना वहिनींनी मडके सुनेकडे, रीताकडे, न सोपवता माझ्याकडे सोपवले. "रीताच्या मागं लई कामं हायेत," त्या म्हणाल्या. "तुमाले टापटीप आवडते, तुमीच टाका. पन आलेल्याचीच, हो."

घरी वहिनींचा मुलगा प्रवीण, रीता, नात दिव्यानी आणि मी. संध्याकाळी प्रवीण शेतातून येई आणि दिव्यानी गोंडपिपरीच्या कॉलेजातून; म्हणून दोन मुठी. पहिले तीन दिवस मी तेवढ्याच टाकल्या.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन आला. ऑपरेशन झाले होते, पण आत पू झाला होता आणि ताप उतरत नव्हता. "डॉक्टर काई बोलून नाई राह्यले," एवढेच ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी प्रवीणची मूठ टाकली, दिव्यानीची टाकली आणि माझा हात पुन्हा तांदळात गेला. मी तिसरी मूठ वहिनींच्या नावाने टाकली. चूक आहे हे टाकतानाच कळत होते. तरी दुसऱ्या दिवशी वाटले, काल टाकली आणि आज टाकली नाही, तर तीच काही वाईट खूण ठरायची. असे आठ दिवस गेले. देवाविषयी मी कधी ठाम नव्हतो. त्या आठ दिवसांत मात्र मडक्याकडे पाठ करून बसणे मला जमले नाही.

बाराव्या दिवशी वहिनी घरी आल्या. वाळल्या होत्या, पण स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी कोनाड्यात हात घातला.

"भाऊजी, पाहुणा आला होता काय?"

"नाही."

"मंग मडकं एवढं काऊन भरलं?"

"त्यात आठ मुठी तुमच्या नावाच्या आहेत."

"मी तं चंद्रपूरले होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भेले होते काय?"

"हो."

"मंग ते सांगनं नाई झालं, भाऊजी. ते लाच झाली. अन तेही माह्याच घरचे तांदूळ देऊन."

भाऊ खाटेवरून म्हणाले, "मास्तरनं पेपर व्हायच्या आधीच निकाल लावून टाकला." रीता पदर तोंडाला लावून हसू लागली.

वहिनींनी मडक्यातून आठ मुठी परातीत काढल्या. "हे आपन खाऊ. देवाच्या नाई कामाचे." मग मडके माझ्यापुढे सरकवले. "आता टाका. आता आली ना मी."

मी मूठ भरून मडक्यावर धरली. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावाची खरी मूठ मी कधी पाहिली नव्हती, हे मला तेव्हा सुचले. मी विचारले, "वहिनी, आजवर तुमची मूठ कोण टाकत होते?"

"मी कुठी जात होती, परत याले? तुमची मातर पडे. दर शनवारी."

अहेरीच्या शाळेत मी एकोणीस वर्षे होतो. शनिवारी शाळा सुटली की एसटीने गावी येई. गाडी कधी सहाला पोहोचे, कधी आठला. शनिवारचे जेवण घरात नेहमी उशिरा होई, आणि त्यावरून मी वहिनींना अनेकदा सुनावले होते की आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या माणसाला तरी वेळेवर ताट मिळावे. त्या ऐकून घेत आणि वाढत. माझी गाडी येईपर्यंत त्या तांदूळ धूत नसत, हे मला त्या संध्याकाळी समजले. तोवर मी बहात्तर वर्षांचा झालो होतो.

पुढे त्या सव्वा वर्ष जगल्या आणि धान कापणीच्या दिवसांत गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही नदीवरून परतलो, तेव्हा रीताने विचारले, "काकाजी, आज टाकाची काय?"

"जे आले त्यांची टाक," मी म्हणालो.

तिने भाऊंची, प्रवीणची, दिव्यानीची आणि माझी मूठ टाकली. वहिनींची टाकावी असे माझ्या मनात आले, पण मी हात मागेच ठेवला.

तेरवीनंतर नवा झाला. मडक्याचा भात चाळीस-एक माणसे जेवली. मडके आता रीताकडे आहे. तिची मूठ लहान आहे. प्रवीण तिला कंजूस म्हणतो आणि ती त्याला म्हणते, तू लवकर येत जा, मंग मोठी टाकतो.

एक गोष्ट राहिली. शनिवारच्या जेवणावरून जे बोललो होतो, ते मी वहिनींपाशी परत घेतले नाही. त्या संध्याकाळी, मडके पुढे असताना, घेता आले असते. मी मूठ मडक्यात सोडताना एकही दाणा खाली सांडू नये याकडे पाहत राहिलो.