संध्याकाळी सातचं बीपी

चूक माझीच होती. माझ्या वडिलांची, अण्णांची, शुश्रूषा करायला घरी येणाऱ्या शैलाताईंवर मी ओरडलो होतो, "दिवसभर बीपी ठीक आणि रोज सातलाच कसं वाढतं? करता काय तुम्ही?"

त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, उद्या ऑफिसातून येताना आवाज न करता या."

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सातला, पण चपला हातात घेऊन आलो. ताई अण्णांची नखं कापत होत्या.

"पोरी, बोट तरी ठेव माझं!"

"ठेवते हो, अंगठा तेवढा नेते."

अण्णा खळखळून हसत होते. मी दारातूनच विचारलं, "काय अण्णा, गोळी घेतली का?"

हसू जागीच थांबलं. अण्णांच्या मुठीने चादर घट्ट पकडली. ताईंनी दंडाला पट्टा बांधला आणि यंत्रावरचा वाढलेला आकडा माझ्याकडे वळवला.

लहानपणी जिन्यात अण्णांची पावलं वाजली की मी गोट्या लपवायचो. ती भीती माझ्याकडून त्यांच्याकडे कधी गेली, मला कळलंच नाही.

शैलाताईंना मी तिथेच म्हणालो, "चुकलं माझं." अण्णांना ते सांगायला मात्र त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो, आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "अण्णा, माफ करा."