जावयाच्या गाडीचं ऑइल

भाऊ गेल्याची बातमी मला त्याच्या जावयानं फोनवर सांगितली. ‘आत्या, मामा गेले हो…’ एवढंच म्हणाले आणि पुढं नुसता हुंदका. दुपारी जेवून भाऊ आडवा झाला तो उठलाच नाही. सख्खा मोठा भाऊ गेलेला, आणि मला आधी काय वाटावं? हायसं वाटलं! वाचणारे म्हणतील, काय बाई आहे ही. म्हणू द्या. एक काळ असा होता की भाऊ गेला असता तर ह्या माणसानं फोन केलाच नसता, आणि केला असता तरी त्याच्या डोळ्याला पाणी आलं नसतं. तो काळ संपून मगच भाऊ गेला, हे मला त्या हुंदक्यात ऐकू आलं. महिना उलटलाय, म्हणून आता लिहायला बसले.

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे. शेती चुलत्यांकडे राहिली आणि भाऊ पाटबंधारे खात्यात लागून शहरात आला. माणूस सरळ, पण हेकट. एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्यातलंच एक म्हणजे नव्या गाडीचं ऑइल. कंपनीच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, नवी गाडी हजार किलोमीटर चालली की तिचं इंजिन ऑइल बदलायचं, हा त्याचा कायदा. कुणी हसलं की तो वहिनीला साक्षीला बोलवायचा. ‘नवा पाटा आणला की पहिलं वाटण खातो का आपण? टाकून देतो. का? दगडाची कच येते म्हणून. मग इंजिन तर लोखंडाचं. नवं नवं घासतंय, कीस पडणारच. तो तसाच आत फिरवत ठेवायचा व्हय?’ वहिनी मान हलवायची आणि आत निघून जायची. कॉलनीत कुणाची नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकण्याआधी भाऊ मीटरमध्ये डोकावायचा. लोक त्याला टाळायला लागले होते अक्षरशः! पुस्तक खरं की भाऊ, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण असं तावातावानं बोलणारं आता कुणी राहिलं नाही, हे खरं.

त्याला एकच मुलगी, मनीषा. आमची मनी. लहानपणी ती फ्रॉक काळा करून गाडीखाली बापाच्या शेजारी पडलेली असायची. ह्याला पान्हा दे, तो बोल्ट धर. हीच मनी पुढं वाळूजला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करते म्हणाली. मुलगा गुणी होता, पगार चांगला होता… पण जात वेगळी. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. भाऊ जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही, माझी लेखणी विटाळायची नाही मला. शेवटचं तेवढं सांगते. ‘त्या माणसानं माझ्या दारात पाय ठेवायचा नाय आणि तूही ठेवायचा नाय.’ मनीनं रजिस्टर लग्न केलं आणि खरोखरच पाय ठेवला नाही. बापाचीच पोर ती.

मग कित्येक वर्षं वहिनी भाजी आणायला म्हणून माझ्या छावणीतल्या घरी यायची, मनीही यायची, आणि दोघी मायलेकी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडून घ्यायच्या. भाऊला ठाऊक नव्हतं असं नाही. रिकामी पिशवी घेऊन परत येणारी बाई कुठून आली, हे कळायला काय लागतं? पण बोलायचा नाही. झुरायचा. मी एकदा तोंड उघडलं तर उठून चालता झाला. असाच एक दिवस हा माणूस मरेल, लेक भिंतीआडून रडेल आणि हा तिचं तोंड न बघता जाईल, ह्या भीतीनं मला घास गोड लागत नव्हता.

शेवटी अधिक महिना आला आणि वहिनीनंच पदर खोचला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला जेवू घालून वाण देण्याचा. वहिनी म्हणाली, ‘यंदा जावई माझ्या घरी जेवणार. नसतील चालत, तर ह्या घरात अनारसा तळला जाणार नाय. ह्या वर्षी नाय आणि पुढंही नाय.’ भाऊला अनारसे जीव की प्राण… पण ते निमित्त. त्याला कुणीतरी ढकलायला हवं होतं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘बोलवा.’

आले दोघं. नवी कोरी गाडी घेऊन आले. भाऊ फाटकापाशी उभा. जावयानं वाकून नमस्कार केला, भाऊनं आशीर्वादाला हात उचलला की नाही ते मला दिसलं नाही, पण ह्याचे डोळे गाडीवर, ते दिसलं. पहिलं वाक्य काय, तर, ‘किती झाली?’ जावई गोंधळले. मनी मागून म्हणाली, ‘हजाराच्या वर गेली, बाबा.’ बस, तेवढंच बोलणं. पुरणाचे धोंडे झाले, साजूक तूप झालं, चांदीचा दिवा आणि कपड्यांचं वाण झालं, आणि सासरे-जावई दोघंही ताटाशी बोलत असल्यासारखे जेवले. जेवणानंतर जावयांना सुस्ती आली, ते आतल्या खोलीत लवंडले. आम्ही बायका भांड्यांत. आणि आमच्या भाऊसाहेबांनी काय करावं? टीपॉयवरची किल्ली उचलली, गाडी मागच्या अंगणात घेतली, पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि खाली शिरले!

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगते. तोंडानं ‘या’ म्हणणं त्याला जमलं नव्हतं. चांदीचा दिवा वहिनीनं दिला होता. त्याला स्वतःच्या हातानं काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं त्याच्याजवळ हेच होतं. ऑइलचा नवा डबा त्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवलेला.

थोड्या वेळानं मला हाक आली. ‘शालू, हे बघ!’ पातेल्यात काढलेलं ऑइल तिळाच्या तेलासारखं स्वच्छ. वर नवं ओतूनही झालं होतं आणि स्वारी खुशीत होती. वहिनी चहा घेऊन आली आणि तिनं नाकाला पदर लावला. ‘अगं बाई, हा कसला वास? सडक्या अंड्यासारखा?’ भाऊचा चेहरा खाडकन उतरला; असा वास गिअरच्या ऑइलचा. बोट बुडवून त्यानं वास घेतला, उठून इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर. खाली ऑइल काढायचे शेजारी शेजारी दोन बोल्ट होते. त्यानं इंजिनाचा समजून गिअरबॉक्सचा खोलला होता. गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत आणि इंजिन दुप्पट भरलेलं.

पायरीवर मटकन बसला. इतका म्हातारा तो मला त्याआधी कधी दिसला नव्हता. मी म्हटलं, ‘गप राहा, ओळखीचा मेकॅनिक बोलावू, जावई उठायच्या आत करून घेऊ.’ कारण मला पुढचं सगळं दिसत होतं. जावई म्हणणार, जात काढली ती काढली, आता गाडीही मोडली. गेली मनी परत, आणि ह्या वेळी कायमची. भाऊनं मान हलवली. ‘नाय शालू. आधीच लई लपवलंय मी. आता नाय.’ आणि उठला, तसाच काळ्या हातांनी आत गेला. मी मागोमाग दारापर्यंत गेले. तो म्हणाला, ‘जावईबापू, उठा. तुमची नवी गाडी मी बिघडवली. विचारलं नाय तुम्हाला. चुकलो मी… पहिल्यापासून चुकलो.’

जावई बाहेर आले, वाकून खाली बघितलं, पातेलं बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते! ‘मामा, इंजिनाचं ऑइल तर मी मागच्याच आठवड्यात बदललं.’ भाऊनं विचारलं, ‘का? पुस्तकात तर नसतं तसं.’ जावई म्हणाले, ‘मनीनं पुस्तक कपाटात टाकलं. म्हणाली, आमच्या घरी नवी गाडी आली की असंच करतात. माझे बाबा असंच करतात.’

भाऊनं तोंड भिंतीकडं केलं. फडक्यानं हात पुसत राहिला, कितीतरी वेळ… मनी जाऊन त्याच्या पाठीला चिकटली तेव्हा त्याचं पुसणं थांबलं. मग सासरे-जावई भाऊच्या स्कूटरवरून गिअर ऑइल आणायला गेले आणि संध्याकाळपर्यंत दोघांचे चार पाय गाडीखालून बाहेर आलेले. वाणाच्या नव्या शर्टाची वाट लागली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. वहिनीनं चहा तीनदा गरम केला, आणि खालून भांडणाचे आवाज येत होते. ‘तो बोल्ट एवढा आवळायचा नसतो, मामा.’ ‘मला शिकवू नका.’ काय गोड भांडण ते!

त्यानंतरची वर्षं भाऊची सुखात गेली. तेराव्याचं सांगते आणि थांबते. आमच्यात तेराव्याला दुखवटा करतात. मुलाला पाटावर बसवून भावकी त्याला टॉवेल-टोपी घालते. भाऊला मुलगा नाही. आमचे एक थोरले चुलतभाऊ म्हणाले, पुतण्याला बसवा, जावई काही झालं तरी बाहेरचे. बाहेरचे म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. जावई मुकाट्यानं मागं सरकले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली वहिनी, तेरा दिवसांत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती, म्हणाली, ‘भावकीतलं कुणी ह्यांच्यासंगं गाडीखाली शिरलं होतं का कधी? जे शिरले तेच बसतील.’

जावई पाटावर बसले. पहिला टॉवेल मी घातला. मग ते थोरले चुलतभाऊच काठी टेकत उठले, टोपी जावयांच्या डोक्यावर नीट बसवली, आणि तिथंच उभे राहिले. हळूच म्हणाले, ‘आमच्या पोरानं नवी गाडी घेतलीय. ऑइलचं तुम्ही जरा बघाल का?’

‘आणा की रविवारी,’ जावई म्हणाले.

तेव्हा मला रडू फुटलं.