रेडिओ मॅडमचे दोन घोट

धाकटीला गप्प बसता येत नाही, हे ती बोलायला लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत बाईंचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच हिचा हात वर, आणि हात पुरता वर जाईपर्यंत उत्तर बाहेर. या गुणावर तिने बक्षिसं मिळवली, पदव्या मिळवल्या, आणि संख्याशास्त्रात संशोधन करता करता कॉलेजात अध्यापन सहायकाची जागाही मिळवली. म्हणजे मोठ्या सरांनी सकाळी दोनशे मुलांना जे सांगितलं, ते दुपारी चाळीस जणांच्या तासात त्यांच्याकडून सोडवून घ्यायचं. आता उत्तरं मुलांनी द्यायची होती, आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच.

ती प्रश्न विचारायची, मुलं वहीत डोकं घालायची. त्या शांततेचे दोन क्षण तिला दोन तासांसारखे वाटायचे आणि तिसऱ्या क्षणाला ती स्वतःच उत्तर देऊन मोकळी व्हायची. मुलांनी हे आठवडाभरात हेरलं. मुलं वाईट नव्हती, काटकसरी होती. तीन मोजल्यावर जे आपसूक पदरात पडतं, त्यासाठी डोकं कोण झिजवणार? खिडकीजवळचा एक ताडमाड मुलगा तर शेजाऱ्यांच्या सोयीसाठी बाकाखाली बोटांवर तीन मोजून दाखवायचा. तिसऱ्या बोटाला सगळ्यांची पेनं एकदम वहीवर टेकायची. उरलेल्या वेळात मोबाइल, गप्पा, आणि शेवटच्या बाकावर कुणाची तरी नीटनेटकी डुलकी. जिन्यात एकदा तिने स्वतःचं टोपणनावही ऐकलं. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, आता रेडिओचा तास आहे का?

मग तिने शिस्त लावायचं ठरवलं. नियमांचा कागद भिंतीवर डकवला, मोबाइलसाठी टेबलावर खोकं ठेवलं, एकदा टेबलावर डस्टरही आपटलं. खडूची भुकटी उडून तीच शिंकली. मुलांनी अत्यंत आदराने रुमाल पुढे केला.

अशात मोठ्या सरांचा निरोप आला. पुढच्या शुक्रवारी ते मागे येऊन बसणार. वर्ग जिवंत दिसला तर पुढच्या सत्रातही तो धाकटीकडेच राहील; नाहीतर तिला तळमजल्यावर उत्तरपत्रिका तपासायला बसावं लागेल. त्या खोलीत चार कपाटं होती आणि बोलायला पाचवं कुणी नव्हतं.

घरी तिने वहिनीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तासाची रंगीत तालीम केली. वहिनी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून आलेली, त्यामुळे निमूट बसली. धाकटीने प्रश्न विचारला. वहिनीने तोंड उघडलं, तोवर उत्तर आलंसुद्धा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वहिनीला हसू आवरेना.

"अगं, मी पेशंटच्या तोंडात दोन हत्यारं घालते आणि विचारते, मुलं कशी आहेत? तो बिचारा आँ आँ करतो. तू तर हत्यारांशिवाय तेच करतेस."

"मग काय करू? मला राहवतच नाही."

"तोंड कामाला लाव दुसऱ्या. प्रश्न विचारलास की पाण्याचा मोठा घोट घे, आणि कुणी बोलल्याशिवाय गिळू नकोस."

दादा दारातून म्हणाला, हा उपाय वीस वर्षांपूर्वी सुचला असता तर आमचं बालपण बरं गेलं असतं.

सोमवारी धाकटीने प्रश्न टाकला आणि दोन घोट पाणी तोंडात धरलं. ताडमाडची तीन बोटं झाली, चौथं झालं, पंजा संपला, दुसरा हात निघाला. उत्तर येईना. एकेक मान वर झाली. मॅडमचे गाल फुगलेले, डोळे मोठे, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे. मोबाइल आपोआप खाली गेले, कारण मॅडम गुदमरतात का हे बघणं जास्त रंजक होतं. शेवटी मधल्या रांगेतून एक चुकीचं उत्तर आलं. ते दुरुस्त करायला धाकटीची जीभ वळवळली, पण पाणी उतरायला वेळ लागला, आणि तेवढ्यात दुसरीच मुलगी म्हणाली, असं कसं असेल? मग दोघांची जुंपली. धाकटीने तिसरा घोट घेतला.

शुक्रवारी मोठे सर वही घेऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यांना बघून वर्ग पुन्हा मुका झाला. धाकटीने फळ्यावर लिहिलं: एखाद्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं सरासरी उंचीपेक्षा उंच असू शकतात का? आणि पाणी तोंडात धरलं.

पाच सेकंद. दहा. सरांनी चष्मा पुसला, बाक वाजवला. तीस वर्षं स्वतःच्या प्रश्नांना स्वतःच उत्तरं दिलेला माणूस, त्यांनाही राहवेना. घसा खाकरून ते म्हणाले, "हे बघा, हे अगदी सोपं..."

धाकटीने चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा हात दाखवून त्यांना थांबवलं. मग आपण कुणाला थांबवलं ते तिच्या ध्यानात आलं. माफी मागावी तर तोंडात पाणी. डोळ्यांपुढे चार कपाटं उभी राहिली.

सरांच्या पुढच्याच बाकावरची एक ठेंगणी मुलगी, जिचा आवाज सत्रभर कुणी ऐकला नव्हता, ती उठली. उठल्याचं पटकन कळलं नाही.

"असू शकतात, मॅडम. मी एकटीच सगळ्यांची सरासरी खाली ओढते. म्हणून बाकीचे बसल्या जागी उंच होतात."

वर्गात हशा फुटला. धाकटीला हसू दाबता आलं नाही आणि पहिल्या बाकाला कारंज्याचा प्रसाद मिळाला. मग ताडमाड उठला आणि म्हणाला, तसं असेल तर मी एकटा सगळ्यांना बुटकं करू शकतो. खरं की खोटं यावर दोन तट पडले. कुणी उंच्या लिहून काढल्या, कुणी बेरजा मांडल्या. घंटा झाली तरी कुणी हलेना.

वर्ग रिकामा झाल्यावर मोठे सर पुढे आले. धाकटीने माफीसाठी तोंड उघडलं, तर त्यांनीच हात दाखवला.

"मला असं गप्प बसवणारी तू दुसरी. पहिली घरी आहे." त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. "पुढच्या सत्रात दोन वर्ग घे. आणि मला सांग, एका वेळी पाणी किती?"

"दोन घोट, सर. पण सुरुवातीला एकच घ्या."