देवमनची पारख

देवमन माणसाला दुकानात वाकायला लावायचा. अकोल्यातलं मोबाइलचं दुकान, समोर काचेची कपाटं, आजूबाजूला शिकलेली माणसं, आणि त्या सगळ्यांसमोर तो नवा फोन गावाहून सोबत आणलेल्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या खिशात टाकून म्हणायचा, "आता वाक. वावरात निंदाले बसला असं समज." माणूस लाजत लाजत वाकायचा. फोन खिशातून घसरला, की देवमन तो वरच्या वर झेलायचा आणि दुकानदारापुढे ठेवायचा. "दुसरा दाखवा भाऊ. हा पोळ्याच्या आत विहिरीत जाईन."

लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही. कारण ही रीत त्याची नव्हती, माझी होती.

हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला उगाच मोठ्या मनाचा समजू नये. मी तिसरीपर्यंत शिकलो, देवमनही तिसरीपर्यंतच. त्या काळी तेल्हाऱ्याच्या बाजारात आमच्या गावच्या कोणाला बैल घ्यायचा असला, तर तो मला सोबत घेतल्याशिवाय जात नसे. मी नुसते दात पाहून बैल पास करत नव्हतो. आधी घेणाऱ्याला विचारायचो, बाबा रे, तुझं वावर कसं, काळं का मुरमाड, विहीर किती लांब, घरी धरणारा कोण. मग बैल चालवून, वळवून, बसवून पाहायचो. देवमन माझ्यासोबत दोर धरायला यायचा आणि सगळं बघत राहायचा. पुढे ट्रॅक्टर आले आणि मला विचारणारं कोणी राहिलं नाही. मग फोन आले, आणि देवमननं माझी सगळी विद्या उचलून त्या काचेच्या तुकड्यावर लावली. मी दोर धरायला सुद्धा गेलो नाही. मला कोणी बोलावलंच नाही.

त्याचा एक प्रश्न ठरलेला होता. फोन घ्यायचा म्हणून माणूस त्याच्या ओट्यावर आला, की तो आधी चहा पाजायचा आणि मग विचारायचा, "फोन हाती आला का पयलं काय करसान?" माणूस कॅमेरा, मेमरी असं काहीतरी बोलायला लागायचा. देवमन हात आडवा करायचा. "हे कंपनीचं मत झालं बाप्पा. तुमचं सांगा."

आमचा शेजारी भाऊराव त्याच्याकडे गेला, ते मी स्वतः पाहिलं आहे. भाऊरावचा मुलगा फौजेत. तिकडे वर डोंगरात रेंज सापडेल तेव्हा तो फोन लावायचा, त्याला वेळ-काळ नव्हता. देवमननं तो प्रश्न विचारला तसा भाऊराव म्हणाला की मी फोन मुठीत धरून झोपतो, वाजला आणि मला ऐकू आलंच नाही तर, अशी भीती वाटते. हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. मला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. अकोल्याला गेल्यावर देवमननं त्याला रस्त्यापलीकडे चहाच्या गाडीपाशी डोळे मिटून उभं केलं आणि दुकानातून एकेका फोनची घंटी वाजवली. मधून ऑटो चालले होते, ट्रकवाले हॉर्न देत होते. ज्या फोनला भाऊरावनं हात वर केला, तो घेतला. दुकानदार म्हणाला, काका, याचा कॅमेरा साधा आहे. देवमन म्हणाला, "त्याचा पोरगा त्याले फोटोत नाई पायजे. कानात पायजे."

गावात हे वाक्य महिनाभर फिरलं. मी ज्या ओट्यावर जाऊन बसावं तिथं तेच.

मग मी ठरवलं की आपला फोन आपण घ्यायचा. कोणाला सांगितलं नाही, सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. एक फोन हातात जड लागला, मागे कॅमेऱ्याचे तीन डोळे होते, अंगावर तेज होतं. असा बैल असता तर मी दोर सोडलाच नसता. घेऊन आलो आणि मुद्दाम देवमनच्या दारावरून चाललो. त्यानं हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "चांगला हाय किसना," एवढंच म्हणाला. वावरात गेलो तर उन्हात पडदा काळाभोर, नंबर दिसेना. अंगठा ठेवून उघडायचा म्हणे, पण आयुष्यभर कापूस वेचून अंगठ्यावर रेषा राहिल्या कुठे, फोन मला धनी मानायलाच तयार नाही. आणि एक दिवस हौदावर हात धुवायला वाकलो, तर खिशातून निघून सरळ पाण्यात.

देवमन टोमणा मारील म्हणून मी दोन दिवस त्याची गल्ली टाळली. त्यानं टोमणा मारला नाही. उलट स्वतःच्या हातानं फोन पुसून तांदळाच्या डब्यात ठेवून दिला, आणि दोन दिवसांनी चालू करून हातात दिला. चारचौघांत हसला असता तर माझा राग तरी निघाला असता.

पण माझ्या जिवाला खरी लागली ती बायकोच्या फोनच्या वेळेला.

आमच्या बुढीला फोन पाहिजे होता. मी म्हटलं, मी आणतो. ती म्हणाली, "तुमी नका आनू. देवमन भाऊजीले सांगते मी." एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईनं लुगडं सुद्धा मी आणलेलं नेसलं. फक्त म्हटलं, मी पण येतो. देवमननं ओट्यावर तिला तोच प्रश्न विचारला, वयनी, पयलं काय करसान. मी मनात उत्तर देऊन मोकळा झालो होतो, अमरावतीच्या लेकीला लावीन म्हणेल.

ती म्हणाली, "यशोदेले गानं पाठवीन."

यशोदा तिची मोठी बहीण, कौंडण्यपूरच्या बाजूला दिलेली. तिचे डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेली, दम लागतो म्हणून फोनवर फार बोलवत नाही. आमच्याकडे भादव्यात मुली भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर तिची गाणी म्हणत फिरतात. माहेरी या दोघी बहिणी म्हणे साऱ्या गल्लीच्या पुढे असायच्या. मी 'म्हणे' लिहितो, कारण मला हे त्या दिवशी कळलं. आपली बायको गाते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विहिरीत पाणी आहे हे जसं माहीत असतं तसं माहीत होतं. कधी वाकून पाहिलं नव्हतं.

देवमननं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग वयनी, तुमाले दुकानात गानं म्हना लागंन. आवाज कसा येते ते पाह्याशिवाय मी फोन घेऊ नाई देत."

मला वाटलं, आता ही पदर तोंडाला लावून आत जाईल. ती म्हणाली, "गाईन."

अकोल्यात दुकानाच्या काउंटरवर तीन-चार फोन मांडले होते. देवमननं पहिला उचलला आणि तिच्या तोंडापासून हातभर लांब धरला. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. मी पिशवी धरून दाराशी उभा होतो. काय सांगू, त्या आवाजात या घरातलं काहीच नव्हतं. ना चूल, ना माझी खोकणारी आई, ना मी. हिशेब करणारी मुलगी मान वर करून बघत राहिली. देवमननं मात्र कामात खंड पाडला नाही. प्रत्येक फोनमध्ये एक-एक कडवं घेतलं. मग यशोदा फोन उशीपाशी ठेवणार म्हणून स्वतःचा दुपट्टा घडी करून काउंटरवर ठेवला, त्याच्यावर फोन उपडा टाकला आणि मान तिरपी करून ऐकत बसला. एकात आवाज पत्र्यासारखा वाजला, एकात दबला. एक फोन त्यानं दोनदा ऐकला. "याच्यात वयनी जशा हायेत तशाच येऊन राहिल्या," तो म्हणाला.

वयनी जशा आहेत तशा. हे ठरवणारा हा कोण? ही बाई माझ्या घरात म्हातारी झाली, आणि तिचा आवाज खरा कुठला, खोटा कुठला, हे दुसऱ्याच्या नवऱ्यानं सांगावं आणि मी पिशवी धरून ऐकावं. परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. ती दोघं मागे बसून बटणं शिकत होती.

त्यानंतर आमच्या घरात दुपारी जेवणं झाली की गाणं सुरू व्हायचं. ती आतल्या खोलीत बसून एक कडवं पाठवायची, थोड्या वेळानं तिकडून यशोदेचं कडवं यायचं, नातीनं बटण दाबून दिलेलं, दम खात खात म्हटलेलं. मध्येच दोघी हसायच्या. मी ओट्यावर आडवा पडायचो आणि झोपल्याचं दाखवायचो. आत जाऊन बस म्हणायला कोणी आलं नाही, आणि न बोलावता जाणं माझ्या स्वभावात नाही.

पुढे देवमनच्या छातीचं दुखणं वाढलं. मुलगा त्याला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. मला जायचं नव्हतं, पण बुढीनं लाडू बांधून दिले, तेव्हा गेलो. तिसऱ्या मजल्यावर त्याची खाट होती. अर्धा राहिला होता. मला पाहून म्हणाला, "किसना, इथं दवाखान्यातले पोट्टे मले विचारून राहिले, बाबा कोनता फोन घेऊ. म्या म्हनलं, आधी वाकून दाखवा." हसताना त्याला खोकला लागला. उशीपाशी त्याचा फोन होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं बटण दाबलं.

माझ्या बायकोचं गाणं वाजायला लागलं.

मी विचारलं, हे तुझ्याकडे कसं. तो म्हणाला, "मांगलं म्या. झोप नाई लागत, तं वयनीले म्हनलं एखांदं पाठवत जा. पाठवते बिचारी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुह्याजवळ तं लय असतीन."

मी म्हटलं, असतील. पूर्ण गाणं संपेपर्यंत त्या खाटेच्या काठावर बसून राहिलो. ते गाणं मी घरी ऐकलं नव्हतं, भिंतीतूनही नाही.

घरी आलो आणि चपला काढायच्या आधी तिला विचारलं, त्याले गाने पाठवते तू?

"पाठवते. बिमार हाय मानूस."

"मले कावून नाई पाठवलं कधी?"

ती तवा उतरवत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तुमी कवा मांगलं?"

मी हात-पाय धुऊन जेवायला बसलो. माग म्हणणं तिला सोपं आहे. मी जन्मात कोणाला काही मागितलेलं नाही. बाजारात सुद्धा लोक मला बोलवायला यायचे, मी कोणाच्या दारात गेलो नाही.

देवमन संक्रांतीनंतर गेला. त्याला गावी आणलं तेव्हा आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. मी मनात मोजत होतो की माझ्या वेळी यातले किती येतील, आणि मोजणं मला सोडवत नव्हतं. भाऊराव माझ्या शेजारी उभा होता आणि फोन मुठीत धरून रडत होता.

आमच्या घरातलं गाणं बंद झालं. तिकडून यशोदेची कडवी यायची, ही ऐकायची आणि फोन पालथा ठेवून द्यायची. मला वाटलं होतं, देवमन गेला म्हणजे माझ्या मनातला काटा निघेल. तसं झालं नाही. ती दुपारी नुसती बसलेली दिसली की मला अजूनच राग यायचा. मेल्यावर सुद्धा तो माझ्या घरातलं गाणं घेऊन गेला होता.

एक दिवस दुपारी मी आत गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. तिच्यासमोर खाली बसलो. सुनेनं मला आवाज भरून घ्यायचा तांबडा ठिपका कुठं दाबायचा ते दाखवून ठेवलं होतं. तो दाबला आणि माझा फोन तिच्या तोंडापाशी नेला.

"काय करून राहिले तुमी?" ती म्हणाली.

"मले एक गानं पायजे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं आणि बोटानं तो मागे सारला. "असा तोंडात नाई कोंबत. देवमन भाऊजी हातभर लांब धरत. हां, तसा."

मी हात लांब केला. ती गायली, सगळं म्हटलं, कुठे थांबली नाही.

ते आता माझ्या फोनात आहे. पण ठिपका मी आधीच दाबला होता, म्हणून गाणं सुरू होण्याआधी दर वेळेला त्याचं नाव येतं. देवमन भाऊजी हातभर लांब धरत. परवा सून म्हणाली, बाबा, सुरुवातीचं तेवढं कापता येते, द्या इकडे, कापून देते. मी फोन खिशात घातला.

"राहू दे," मी म्हटलं. "फोन माहा हाय. त्याच्यात काय ठेवाचं ते मी पाहीन."