जांभळ्या पेनाच्या खुणा

कल्पना करा, तुमच्या हातात जांभळं पेन आहे आणि समोर कुणाचं तरी उघडं पोट. जिथली चरबी काढायची, तिच्याभोवती गोल काढायचे आहेत. माणूस उभा असतानाच. आडवं झालं की चरबी बाजूंना ओघळते आणि पेन खोटं बोलायला लागतं. सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या त्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं वीस वर्षांत हे कित्येक नव्या मुलींकडून घोकून घेतलं होतं. खुणा डॉक्टरच करायचे. पेशंटला दिव्याखाली उभं करून आरसा धरायचं काम तिचं.

एके दिवशी तिच्या टेबलासमोर धाकट्या भावाची बायको येऊन बसली.

"वन्सं, लेझर करू की ऑपरेशन? पेशंटला सांगता तसं नको, घरच्यासारखं सांगा."

सिस्टरनं तिच्या पोटाची वळी चिमटीत धरून पाहिली. "लेझरला काप नाही, टाका नाही. उष्णतेनं चरबी मरते, शरीर ती हळूहळू बाहेर टाकतं. तीन-चार खेपा, दोन-तीन महिने वाट बघायची आणि फरक थोडाच. ऑपरेशनमध्ये बारीक नळीनं ओढून काढतात. काम एकदाच, पण भूल, सूज, काळेनिळे डाग आणि सहा आठवडे घट्ट पट्टा."

"म्हणजे रोज थोडं मरायचं, की एकदाच."

"काहीच नाही केलंस तरी चालेल. दोन लेकरांचं पोट आहे ते."

"तुम्ही म्हणता हो. तुमचा भाऊ फोटो काढताना मला खुर्चीमागं उभी करतो."

ऑपरेशन ठरलं.

त्या सकाळी भावजय गाऊन गच्च धरून पलंगावर आडवी झाली. "डॉक्टरांसमोर अशी उभी नाही राहणार मी. तुम्हीच काढा खुणा. आणि पडल्या-पडल्याच."

घरचीच तर आहे, म्हणून सिस्टरनं पडदा ओढला आणि पेन उघडलं. डॉक्टर आले, रेघांवर नजर टाकून म्हणाले, "तुम्ही काढल्यात ना? मग बघायला नको."

दोन महिन्यांनी सूज उतरली, तेव्हा बेंबीच्या डाव्या अंगाला खळगा दिसला, मळलेल्या कणकेत अंगठा रुतवावा तसा.

"आता लेझरनं नीट होईल?" भावजयीनं विचारलं.

"लेझर चरबी काढतं गं. खड्डा भरत नाही."

"जाऊ द्या. माझं अंगच वाकडं, त्याला तुम्ही काय करणार?"

पडल्या-पडल्या काढलेल्या खुणा खोटं बोलल्या, हे सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि पट्टा घडी घालून पिशवीत ठेवला.

आता फोटो काढताना भावजय कुणी न सांगताच खुर्चीमागं जाऊन उभी राहते. पूर्वी सिस्टरसमोर ती बिनधास्त साडी बदलायची, बोलता-बोलता. हल्ली आधी दार लावून घेते. कडीचा आवाज आला की सिस्टर हातातलं काम थांबवते. ती कडी लाजेची, की भावजयीला सगळं ठाऊक आहे?